आठाचा आकडा

बनाबाईंनी चहाला हात लावला नाही. टेकल्या न टेकल्या तोच पिशवीतून पत्रिका काढली आणि टीपॉयवर आपटली.

"पोरीच्या आठव्या घरात मंगळ हाय. झाकून ठेवलासा व्हय, ईनबाई?"

क्रांती पोह्यांच्या ताटल्या घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या लेकीची, राजनंदिनीची सुपारी फुटून पंधरा दिवस झाले होते, हॉलसुद्धा ठरला होता. बनाबाई म्हणजे मुलाची, उदयसिंहची थोरली चुलती. त्याची आई तो तान्हा असताना गेली, तेव्हापासून गडमुडशिंगीच्या त्या घरात यांचाच शब्द. उदयसिंह आत्ता सोफ्याच्या कडेला बसून मोबाईलचं कव्हर काढत-घालत होता.

"तसं काय न्हाय ओ. गुरुजींनी गुण जुळवल्यात की."

"गुण गेलं खड्ड्यात! आठवा मंगळ नवऱ्याला खातो. हे बघा, आठ लिवलंय आणि त्याच्या पोटात मंगळ. शाळा शिकलो न्हाय म्हणून आकडाबी कळत न्हाय वाटलं काय आम्हास्नी?" त्यांची नजर क्रांतीच्या उपासाच्या कोऱ्या चहाकडे गेली. "आज मंगळवार धरलाय न्हवं? पोरीचा मंगळ ठाव असल्याबिगर कोण उपाशी मरतंय?"

"गणपतीचा हाय तो. माझ्या लग्नाआधीपासनं."

"ऱ्हाताय बी मंगळवार पेठेत. सगळा कारभारच मंगळाचा!"

शेजारच्या घरातला टीव्ही बारीक झाला. बनाबाईंनी आवाज आणखी चढवला.

"एकच वाट हाय. आधी पोरीचं मडक्याशी लगीन लावायचं. कुंभविवाह. आणि चोरून न्हाय, आमच्या सगळ्या भावकीदेखत. मगच आमच्या पोराला हळद."

राजनंदिनी आतून ताडकन बाहेर आली. "लाव की आई. मडकं तर मडकं. दहा मिनिटांचं काम. मला उदयशी लगीन करायचंय."

क्रांतीनं ताटल्या खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि टीपॉयवरची पत्रिका स्वतःकडे फिरवली. पंचांग उघडल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. कुंडलीची घरं बोटानं मोजायला माहेरी वडिलांनी शिकवलं होतं.

"ईनबाई, हा आकडा घराचा न्हाय, राशीचा हाय. घरं मोजायची ती वरच्या मधल्या चौकटीपासनं. इथं सहा लिवलंय, ते पहिलं घर. त्याच्या डावीकडं सात, ते दुसरं. आणि हे आठ, म्हंजे तिसरं. मंगळ तिसऱ्या घरात, स्वतःच्या वृश्चिक राशीत बसलाय. तिसऱ्यातला मंगळ लागत न्हाय."

"मला शिकवतीस?" बनाबाई एकदम एकेरीवर आल्या. "आठाचं तीन करतीस? माझ्या सासूनं माझ्या पत्रिकेत बोट ठेवून दावलंय मला..." आणि मध्येच थांबल्या.

"काय दावलं?"

"माझा मालक उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला तवा पत्रिका म्होरं टाकली माझ्या. म्हणाली, ह्यो आठ, ह्यो मंगळ, तूच खाल्लास माझ्या लेकाला. बत्तीस वर्सं तेच ऐकतीया मी."

क्रांतीचा आवाज अगदी खाली गेला. "वरच्या चौकटीत कितीचा आकडा हुता त्या पत्रिकेत?"

बनाबाईंची नजर टीपॉयवरच्या कुंडलीत वरच्या घरावर गेली आणि तिथंच खिळली.

"काय ठाव. सासूनं चुलीत घातली."

क्षणभर वाटलं, बाई आता मोडून पडणार. पण त्यांनी जबडा आवळला.

"आठ म्हंजे आठच! तुझं ऐकून आता काय म्हणू मी? बत्तीस वर्सं फुकाची बोलणी खाल्ली म्हणू?"

क्रांतीनं मडक्याला हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. आजवर अशा कितीतरी गोष्टी तिनं हसून मिटवल्या होत्या.

"मडकं एक वेळ फोडून टाकता येईल," ती हळूच म्हणाली. "पण नसलेला मंगळ मी लेकीच्या कपाळी लावून घ्यायची न्हाय. उद्या उदयला ताप आला, गाडी घसरली, तरी तुम्ही हिच्याकडंच बोट करणार. तुमच्याकडं केलं तसंच."

"आई!" राजनंदिनी ओरडली.

"मोडली सुपारी!" बनाबाई उठल्या. "चल रं उदय. असल्या तोंडाळ घरातली पोरगी नको आपल्याला."

उभ्या जन्मात क्रांतीला कुणी तोंडाळ म्हटलं नव्हतं.

जिन्यात चपला वाजल्या. खाली गाडीचं दार धाडकन आपटलं. उदयसिंह उठून उभा होता, किल्ली हातात. त्यानं दाराकडे पाहिलं, राजनंदिनीकडे पाहिलं, आणि परत बसला. पत्रिका स्वतःपुढे ओढली.

"मामी, परत एकदा मोजा. सावकाश. घरी जाऊन थोरलीला मलाच दाखवाय लागणार."

"आणि तिला न्हाय पटलं तर?" राजनंदिनीनं विचारलं.

"न्हाय पटलं तर सुपारी तिनं मोडलीया. मी न्हाय."

क्रांतीनं त्याचं बोट धरून सहाच्या आकड्यावर ठेवलं. "हे पहिलं."

खालून हॉर्न वाजला. थांबला, आणि परत वाजला, या वेळी दाबूनच धरलेला. उदयसिंहचं बोट डावीकडे सातावर सरकलं.