बाहुली हलत नव्हती

कॅमेरा म्हटलं की तुम्हाला लग्नातला, 'इकडे बघा, हसा' म्हणणारा आठवेल. मी त्यातला नाही. माझं काम अंधारातलं. मुठीएवढा, काळा, नळकांड्यासारखा मी. मला ना बटण, ना पडदा. मला दिसतं सगळं, पण काय दिसलं ते सांगायला संगणक लागतो. म्हणजे डोळे माझे आणि तोंड दुसऱ्याचं.

धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीत, नखशिखान्त झाकलेल्या माणसांनी मला जोडलं. उघडा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या मालकिणीचा. ती एका इस्पितळात यंत्रांची देखभाल करायची आणि सुटी आली की मला दुर्बिणीला लावून गच्चीवर न्यायची. पुढे ती आत्या झाली, म्हणून मी तिला आत्याच म्हणतो.

गच्चीवर माझी तालीम झाली. अंधारात काढलेल्या एका फोटोत काय येणार? नुसते रवाळ ठिपके. मग मी फोटोमागून फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरनं ते तिथल्या तिथे एकमेकांवर रचायचे. थेंबे थेंबे तळे साचे, तसा उजेड साचायचा आणि चित्र डोळ्यांदेखत उजळत जायचं. मध्येच एखादं विमान आडवं गेलं, तर सॉफ्टवेअर ते सुपात पाखडल्यासारखं बाहेर फेकायचं. जागच्या जागी राहील ते खरं, हललं तो कचरा. ताऱ्यांच्या बाबतीत हे ठीकच होतं. "काय नजर आहे रे तुझी!" आत्या म्हणायची आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो.

मग तिच्या धाकट्या भावाला मुलगी झाली, वेळेच्या फार आधी. ओंजळीत मावेल एवढी. तिला आत्याच्याच इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलं. अशा बाळांना उजेड सोसत नाही, म्हणून त्या खोलीत भर दुपारीही पडदे ओढलेले आणि दिवे मंद. तिकडे बाळंतिणीला जंतुसंसर्ग होऊन ताप चढला. तिची खाट पलीकडच्या इमारतीत आणि बाळाच्या खोलीत यायची सक्त मनाई. तिनं आपल्या लेकीला एकदाही धड पाहिलेलं नव्हतं.

भाऊ मोबाइलवर फोटो काढून न्यायचा. त्यात काळ्यावर काळं. "अहो, तुम्ही मला अंधाराचे फोटो दाखवताय," ती एकदा म्हणाली. "खरं सांगा, ती आहे ना?"

हे भावाच्या तोंडून ऐकलं आणि आत्याला माझी आठवण झाली.

मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, "आधी नीट तपासा, मग बाळाजवळ न्या." आत्यानं शब्द पाळला. सामानाच्या खोलीत एक रिकामी पेटी होती. नर्सना शिकवताना वापरतात ती प्लास्टिकची बाहुली तिनं त्यात निजवली, दिवे मंद केले आणि तीन सॉफ्टवेअर आळीपाळीनं लावून पाहिली. पहिलं इतकं सुस्त की चित्र उमटेपर्यंत माणसाला जांभई यावी. दुसऱ्याचं चित्र लगेच यायचं, पण मुंग्या सोडल्यासारखं. तिसरं मात्र क्षणाक्षणाला निवळत गेलं. बाहुलीच्या पापण्या मोजून घ्याव्यात इतकं.

"हेच!" आत्या म्हणाली. डॉक्टरांनीही मान डोलावली. आणि मी? मला तर आकाश ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला पेटीवर टांगलं. बाळ माझ्याखाली निजलं होतं. टोपी, नाकात नळी, आणि उजवा हात एकसारखा चाललेला. मूठ उघडायची, मिटायची, कोपरातून वर यायची, खाली जायची. जणू कुणाला बोलावत होती.

तिकडे आईच्या हातात टॅब दिला होता. फोन चालू होता, त्यामुळे तिचा आवाज मला ऐकू येत होता. आधी नुसता श्वास. मग, "नाक माझ्या बाबांचं आहे!" मग हसू, मग रडू. आत्यानं डोळे पुसले.

चित्र निवळत गेलं. आणि तिचा आवाज बदलला.

"हिचा उजवा हात कुठाय?"

"आहे की गं," भाऊ तिच्याजवळून म्हणाला.

"कोपरापासून पुढे काही नाहीये. चादर दिसतेय चादर."

"अगं, हलवतेय ती हात, म्हणून दिसत नसेल," आत्या घाईनं फोनमध्ये म्हणाली. "जरा थांब, आणखी स्वच्छ होऊ दे."

तेच चुकलं. जितकं स्वच्छ होत गेलं तितका हात पुसत गेला. मी प्रत्येक फोटोत तो टिपत होतो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी तो पाखडून टाकत होतं. मला ओरडायचं होतं. पण तोंड माझं नव्हतं.

"ताई, तुम्ही तरी खोटं बोलू नका," ती म्हणाली. "म्हणूनच इतके दिवस काळे फोटो दाखवलेत ना मला?"

पुढचं भावानं नंतर सांगितलं. तो नर्सला बोलवायला दारापर्यंत गेला, तेवढ्यात तिनं सलाइनची सुई उपसली आणि ती खाटेवरून उतरली. लेकीकडे निघाली होती. अंगात ताप, पायात बळ नाही. खाटेच्या दांडीवर हनुवटी आपटून ती पडली. टाके पडले, ताप वाढला, आणि लेकीला भेटायचा दिवस आणखी लांबला.

इकडे आत्या एकदा पेटीत बघत होती, एकदा संगणकाच्या पडद्यावर. पेटीत हात, पडद्यावर चादर. "मी बाहुलीवर तपासलं," ती पुटपुटली. "बाहुली हलतच नव्हती."

भाऊ आला तो पांढराफटक पडून. "तुझी हौस झाली ना पुरी?" एवढंच बोलला. मला वाटलं, आत्यानं माझ्याकडे बोट दाखवावं. तिनं ते केलं नाही. स्तुती झाली तेव्हा तिनं मला वाटा दिला होता. बोल लागला तेव्हा एकटीनं घेतला. तेव्हापासून ते मला टोचतंय.

संध्याकाळी ती भावजयीच्या खाटेशी गेली, काय घडलं ते सरळ सांगितलं आणि परत येऊन दुसरं सॉफ्टवेअर लावलं. तेच, मुंग्यांचं, काहीही न पाखडणारं.

टॅब पुन्हा आईच्या हातात दिला, फोन जोडला.

"काही धड दिसत नाहीये, ताई," बांधलेल्या हनुवटीतून शब्द आले. मग थांबून, "पण काहीतरी हलतंय. तो हात आहे?"

"हात आहे."

"हेच राहू दे."

ती रात्रभर त्या मुंग्यांकडे बघत होती म्हणे. ताप उतरल्यावर तिनं लेकीला छातीशी घेतलं तेव्हा मी तिथेच टांगलेला होतो. पोरगी वाढली, घरी गेली. बहीणभाऊ बोलू लागले. आधी कामापुरतं, मग सवयीनं. आत्यानं इस्पितळाला तिसरं सॉफ्टवेअर घेऊ नका म्हणून कळवलं, कारणासकट. पण गच्चीवर ती पुन्हा गेली नाही. दुर्बिणीवर कपडे वाळायला लागले.

आज ती मला एका शाळेला देऊन टाकते आहे. भावजय मदतीला आली आहे, कडेवर ती खोडकर पोर. "ताई, मी पडले ती चक्कर येऊन," ती म्हणाली. "किती दिवस जिवाला लावून घ्याल?" आत्या खोक्याच्या तळाला चिकटपट्टी लावत राहिली.

मुलांनो, मी येतोय तुमच्याकडे. ग्रह दाखवीन, तारे दाखवीन. फक्त चित्र फार देखणं आलं, तर एकदा मान वर करून स्वतःच्या डोळ्यांनीही बघा. मला मुद्दाम फसवता येत नाही, पण माझ्याकडून फसवणूक होते.

भावजयीनं मला उचललं आणि न्याहाळलं. हनुवटीवरचा तिचा पांढरा व्रण अगदी समोर आला. माणसाला निदान नजर खाली घालता येते. मला पापणीच नाही. मी तसाच बघत राहिलो.

मग तिनंच हलक्या हातानं माझ्यावर झाकण लावलं.