चौकशीआधीची पंगत

सकाळी मळ्यावर जीप आली, तेव्हाच झुंबरबाईनं ओळखलं, की आज आपलं काहीतरी काम निघालंय. एरवी राधानगरीकडच्या त्या मळ्यात तिची विचारपूस करायला कुत्रंही फिरकत नसे. नवरा सयाजीराव आमदार झाला, मूलबाळ नाही या सबबीवर त्यानं नंदिनीशी दुसरं लग्न केलं आणि लग्नाच्या बायकोला म्हशींच्या सोबतीला धाडलं. दोन बायका करायला कायद्यानं बंदी घातली, त्याला वर्षं लोटली होती. कायदा करणाऱ्यांच्या घरी मात्र तो अजून पोचायचा होता!

कोल्हापुरातल्या बंगल्यात पाऊल टाकताच सयाजीरावानं तिच्या हातात हिरवं लुगडं कोंबलं.

"आमदारांची वागणूक तपासणारी समिती आलीया मुंबैस्नं. त्या प्रमोदिनी मास्तरणीनं अर्ज ठोकलाय माझ्यावर. नंदिनीला माहेरी धाडलीया. तू ओवाळ, वाढ, आनि इचारलं तर समदं ब्येस हाय म्हण."

"आनि खरं सांगिटलं तर?"

"तर मळाबी न्हाय तुला."

पाहुण्यांपुरतं माळ्यावरचं पितळी तपेलं घासून काढावं, तशी ती आज काढली गेली होती.

दुपारी समितीची माणसं आली. सयाजीरावानं एकेकाला फेटा बांधला. आत तांबडा-पांढरा रस्सा रटरटत होता. दारात उभ्या राहिलेल्या प्रमोदिनीबाई कळवळून म्हणाल्या, "साहेब, ज्याची चौकशी करायची, त्याच्याच घरी जेवता? आधी चौकशी तरी करा!"

"अहो बाई, यजमानाचा मान नको का राखायला?" अध्यक्ष गणपतराव हसले. "जेवून निवांत बोलू की."

झुंबरबाई तबक घेऊन पुढं आली. अध्यक्षांसमोर तिनं निरांजन उचललं आणि तिचा हात तिथंच थांबला.

"पावणं, ओवाळतो मी. पर आदी मला इचारा. एकदा जेवलासा, की तुमी इचारणार न्हाईसा."

"झुंबर!" सयाजीराव गरजला.

"ह्या घरात नंदिनी नांदती. तुमच्यापुरती आज मला आणलीया. मी मळ्यात म्हशीत ऱ्हातो. मी लग्नाची बायकू हाय, एवढं लिवून घ्या."

गणपतरावांनी फेटा सारखा केला आणि घसा खाकरला. "वहिनी, हा तुमचा घरगुती मामला. सभासदाच्या वर्तणुकीत हे बसत नाही."

"बायको घराबाहेर काढणं वर्तणुकीत बसत नाही, मग बसतं तरी काय?" प्रमोदिनीबाईंचा आवाज चिरकला.

"बघू ना. आधी जेवणं उरकू."

आणि ते खरोखरच पाटांवर बसले! दुसऱ्याची नीतिमत्ता तपासायला निघालेल्या त्या शहाण्यासुरत्या माणसांना भुकेपुढं एक बाई दिसली नाही, याचा संताप करावा तरी कुणापाशी?

झुंबरबाईनं तबक खाली ठेवलं आणि ती बाहेर पडली. प्रमोदिनीबाई मागोमाग धावल्या. "आता मळाही गेला. जाल कुठं?"

"आजच्याला तुमच्या घरी. उद्या मुंबैला. ह्येंची सभा भरती, तितं दारात बसतो. तितं तर पंगत नसंल न्हवं?"

मागून सयाजीरावाचा मोकळाढाकळा आवाज आला, "अरं, साहेबांना रस्सा वाढा की!"

पानावरून एकही माणूस उठला नाही.