महिपतच्या नावाची जागा

सत्त्याऐंशी साली वांकिडीत तुळजाबाईचा एकुलता एक मुलगा महिपत तापानं गेला, तेव्हा लग्नात भोंगे लावणारा माईकवाला सुधाकरराव सांत्वनाला आला होता. नवा टेपरेकॉर्डर घेऊनच आला. जवळ बसला, डोळे पुसले आणि बटण दाबलं.

आमच्याकडे बायका मयताचं नाव घेऊन, शब्द जोडून रडतात. तुळजाबाई रडली, "महिपता, तुह्या सदऱ्याची गुंडी लावाची राह्यली रे!" आवाज स्वच्छ आला.

पावसाळ्यात लग्नं नसतात; मरणं असतात. सुधाकररावनं त्या रडण्याच्या कॅसेटी काढल्या, वर स्वतःचा फोटो चिकटवला आणि अंत्ययात्रेपुढे भोंग्यावर लावू लागला. पहिल्याच घरून तक्रार आली: मेले आमचे चंपतराव, हा महिपत कोण? सुधाकरराव गिऱ्हाईक जपणारा माणूस. जिथं जिथं महिपत होता, तिथं तिथं त्यानं टेप कोरी केली. त्या जागी घरच्यांनी आपल्या मयताचं नाव ओरडायचं. उत्तम सोय.

तुळजाबाई दुकानात गेली. "सुधाकरराव, माह्या पोराचं नाव काऊन पुसलं?"

"काकू, तुमचं रडणं पार बेज्जूर गावापर्यंत वाजून राह्यलं. खूश व्हा ना!"

"रडणं ठेव तुले. नाव घाल."

"नाव घातलं तं लावंन कोन?"

मग ती प्रत्येक मयतीला जाऊ लागली. कोरी जागा आली की घरच्यांच्या आधी ओरडायची, "महिपता!"

भगवानराव ऐंशीचे होऊन गेले. जन्मभर उघड्या अंगानं वावरले, पण गुंडीपाशी जावईसुद्धा रडले. तेवढ्यात तुळजाबाई ओरडली. भगवानरावांची लेक द्वारकाबाई तिच्यावर धावून आली. "आमच्या बापाच्या मयतीत तुमचं पोरगं कायले घुसवता? आन् सुधाकररावच्या रडण्याची नक्कल करता, लाज नाई वाटत?"

चौघांनी तिला धरून बांधापलीकडे नेऊन सोडलं.

महिपतच्या वर्षश्राद्धाला दिरानं मोठ्या मनानं तीच कॅसेट लावली. तुळजाबाई पुढं सरकून बसली. आज ती जागा तिच्या हक्काची होती. तिनं छातीत दम भरला.

जागा आली. हार्मोनियम वाजलं. मयतीतल्या आरडाओरड्याला कंटाळून सुधाकररावनं मोकळ्या जागा भरून टाकल्या होत्या.

"आता कसं भरल्यासारखं वाटते," दीर म्हणाला.

तुळजाबाई आपलं आपण रडू लागली. शेजारच्या सोनाबाईनं मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हळू रडा ना, बाई. कॅसेट आयकू येऊन नाई राह्यली."