न दुखणाऱ्या दातांचा मामा

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे, पण लगेच चौकातला घोडेस्वार डोळ्यांसमोर आणू नका. मला नुसतं डोकं आहे. मानेच्या जागी लोखंडी दांडा, गालांच्या जागी रबर आणि जबड्यात स्क्रूने बसवलेले दात. दातांचे डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजात मी राहतो. खऱ्या माणसाच्या तोंडात हात घालण्याआधी मुलंमुली माझ्या तोंडात हात बसवून घेतात. सगळे मला मामा म्हणतात. हे नाव कोणी पाडलं कोण जाणे, पण भाच्यांनी मामाला छळायचं असतं, तेवढं मात्र त्यांनी इमानेइतबारे केलं.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा माझे गाल चांगले गुलाबी होते. आता त्यांना जुन्या खोडरबराची कळा आली आहे. ओठाचा एक कोपरा फाटला आहे. एका धांदरट मुलाने परीक्षेच्या घाईत तोंडात घातलेला दात बघायचा आरसा ओढला, त्याची ती निशाणी.

माझं कौतुकही खूप झालं बरं का! तोंड उघडं ठेवा म्हटलं की मी ठेवतो. थुंकायला उठत नाही, "डॉक्टर, अजून किती वेळ?" असं विचारत नाही. "असा पेशंट मिळायला नशीब लागतं," असं परीक्षक म्हणायचे आणि मी फुशारून जायचो. कसली डोंबलाची फुशारकी! मला दुखतच नाही, त्यात माझं काय कर्तृत्व? माझ्यावर शिकून पोरं दात काढायला शिकली, पण दुखणाऱ्या माणसाशी बोलायला कुठे शिकली? दात काढला की ट्रेमध्ये टाकायचा आणि पुढच्याला जागा द्यायची. पेशंट घरी जातो, बधिरपणा उतरतो, मग ठणका सुरू होतो, हे माझ्याकडून त्यांना कळणार तरी कसं?

माझ्यावरच शिकलेल्या एक बाई आता इथे शिकवतात. त्यांचा हात फार हलका. एके वर्षी त्यांनी नवीन तास सुरू केला, दुखण्यावरच्या गोळ्या जपून कशा लिहाव्यात याचा. पहिल्या तासाला त्यांनी मला पुढच्या टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली.

हा भाऊ तलावावर मुलांना पोहायला शिकवतो. त्याची अक्कलदाढ बाईंनीच काढली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना परगावी जायचं होतं, फोनही लागणार नव्हता. लाडक्या भावाचे हाल नकोत म्हणून त्यांनी अफूच्या जातीच्या जबर गोळ्या लिहून दिल्या, आणि त्याही भरपूर. "असू देत जवळ," म्हणाल्या. दुखणं थांबलं तरी गोळ्या उरल्या. मग कधी झोप येईना म्हणून त्याने एक घेतली, कधी साहेब ओरडले म्हणून. बघता बघता गोळीवाचून त्याचं पान हलेना. नोकरी गेली. एक दिवस तो बाईंच्या दवाखान्यात येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, ही दाढ काढ. जीव जातोय माझा." दाढ अगदी ठणठणीत होती. गोळ्या मिळाव्यात म्हणून तो चांगली दाढ काढून घ्यायला निघाला होता.

"दोष त्याचा नव्हता, माझा होता," बाई म्हणाल्या.

भावाने उपचार घेऊन, फार सोसून ती सवय सोडवली. नोकरीही परत मिळवली. बाईंनी मात्र मुलांचा पिच्छा पुरवला. मुलांना माझ्यासमोर बसून प्रश्न विचारावे लागत. आधी कुठली औषधं चालू आहेत? कसली सवय होती का? घरात लहान मुलं आहेत का, गोळ्या कोण सांभाळेल? सूज उतरवणारी साधी गोळी आणि तापावरची साधी गोळी, दोन्ही वेळच्या वेळी घेतल्या तर बहुतेकांना पुरतात, जबर गोळी लागलीच तर अगदी मोजकी, हे बाईंनी त्यांच्याकडून घोकून घेतलं. माझ्या वतीने उत्तरं द्यायला एक मुलगा मागे लपून बसे. तो कधी गयावया करी, कधी दमदाटी. "मामा फार नाटकी झालाय हं!" म्हणून सगळे हसत.

पण हळूहळू मला धास्ती वाटू लागली. मुलं खोटं पकडण्यात पटाईत झाली. जो जास्त वेळा नाही म्हणेल तो हुशार, असं वारं वर्गात शिरलं. ते मला पटत नव्हतं, पण बोलणार कसा? कारखानदाराने माझ्या तोंडात जीभच बसवलेली नाही.

अशातच बाईंच्या भावाची एक दाढ खरोखर किडली. बाईंनी त्याला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि वर्गातल्या एका चष्मेवाल्या मुलीला पुढे केलं. "हा माझा भाऊ आहे, माझी नजर साफ राहणार नाही. सगळं तू ठरव." मुलीने त्याला सगळं नीट विचारलं. तो म्हणाला, "डॉक्टर, मला त्या गोळ्या देऊ नका. मी हातापाया पडलो तरी देऊ नका." तिने दाढ काढली, दोन साध्या गोळ्या लिहिल्या आणि दुखलं तर लगेच या म्हणून सांगितलं.

दोन-तीन दिवसांनी तो आला तो गाल धरूनच. डोळे लाल, कपाळावर घाम. "डॉक्टर, कानापर्यंत ठणका जातोय. साध्या गोळ्यांनी काही होत नाही हो. काहीतरी द्या, पाया पडतो."

मागून एक मुलगा कुजबुजला, "अगदी मामासारखं बोलतोय."

बाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "सुरू झालं पुन्हा," त्या म्हणाल्या. "याला काही देऊ नकोस. घरी पाठव."

तो खुर्चीचा हात घट्ट धरून बसला. उठेना. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, हा इथून असाच बाहेर पडला तर थेट त्या गोळ्यांकडेच जाईल.

"मॅडम, एकदा बघते तरी," चष्मेवाली म्हणाली. तिने दिवा ओढला, आरसा घातला आणि ती थबकली. "मॅडम, दाढेच्या जागेवर धरलेली रक्ताची गुठळी निघून गेलीय. आतलं हाड उघडं पडलंय. यांना खरंच भयंकर दुखत असणार."

तिने ती जागा हलक्या हाताने धुतली आणि औषधात भिजवलेली पट्टी आत ठेवली. जबर गोळीची गरजच नव्हती. थोड्या वेळाने त्याची मूठ सुटली. त्याने लांब श्वास सोडला.

बाई जवळ आल्या. "अरे, मला वाटलं..."

"ताई," तो म्हणाला, "तेव्हा तू न विचारता दिल्यास, आणि आज न बघता नाही म्हणालीस."

बाईंनी आरसा उचलला. "आ कर बघू. बघू दे मला."

त्याने तोंड मिटून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कपाटात कोणाच्या आजारपणातल्या जबर गोळ्या उरल्या असतील, तर त्यांना हात लावू नका. मोठ्यांना सांगा, औषधांच्या दुकानात विचारून त्या घरातून घालवायला लावा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर झालंच, तर या फाटक्या ओठांच्या मामाची एवढी विनवणी ऐका. समोरचा दुखतंय म्हणतो ना, मग आधी त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा, त्याचं तोंड बघा. द्यायचं की नाही ते मग ठरवा.

तो अजून पट्टी बदलायला येतो. चष्मेवाली पट्टी बदलते, बाई दाराबाहेर उभ्या राहतात. त्याने त्यांना आत बोलावलेलं नाही.