सात भिंगांमधलं धुकं

मी समुद्रपूरच्या फोटो स्टुडिओतली जुनी लेन्स बोलतेय. पोटात सात भिंगं घेऊन मी चाळीस वर्षं स्टुडिओवाल्या बापूरावांकडे काढली. कॅमेरे बदलले, मी तीच.

माझं छिद्र मोठं. पूर्ण उघडलं की मंद उजेडातही फोटो निघायचा. पण एवढ्या रुंद वाटेनं शिरलेला उजेड आवरणं सोपं नसतं. कडेचे किरण मधल्या किरणांना नेमके एका बिंदूत भेटत नाहीत. अशा चुका अनेक. मला घडवणाऱ्यांनी छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी भिंगं समोरासमोर मांडली; एकीकडची चूक दुसरीकडे फिटावी म्हणून. बऱ्याच फिटल्या. कडेच्या किरणांची थोडी उरली; तिचं चेहऱ्यांवर हलकं धुकं उतरायचं. लोक त्यालाच सुंदर म्हणत, आणि मी फुगत असे.

गेल्या वर्षी बापूरावांची मुलगी दीपमाला नवी लेन्स घेऊन आली. ती वर्ध्याला कॉलेजात फिजिक्स शिकवते. नवीचं छिद्र माझ्याएवढंच, पण भिंगं चौदा. काहींचा बाक कडेला मुद्दाम बदललेला, कडेचा किरणही मधल्याला येऊन मिळावा म्हणून.

"एवढा धोंडा काऊन आणला?" ती हातात तोलत बापूराव म्हणाले.

त्यांची आई धुरपताबाई ब्याऐंशीची. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला फ्लॅश सोसत नव्हता. भिंतीवर लावावा असा तिचा एकही फोटो घरात नव्हता. म्हणून तिला खोलीतच, खिडकीच्या मंद उजेडात बसवलं. बापूरावांनी माझ्यातून फोटो काढला, दीपमालानं नवीतून.

माझ्या फोटोत आजी साठीची दिसत होती. मला वाटलं, जिंकले.

आजीनं तो बाजूला सारला. दुसऱ्यात हनुवटीवरचं गोंदण होतं, कापसाच्या बोंडांनी चिरलेली बोटं होती.

"ही मी आहो," ती म्हणाली. "त्यातली बाई कोन हाये, मले नाई मालूम. जल्मभर उन्हात कापूस येचला, थे सारं पुसून टाकलं तुनं."

बापूरावांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. मग मला काढून दीपमालाच्या हातात दिलं. "इले कॉलेजात ने. लेकरायले दाखवजो, उजेड कुठं चुकते थे."

मला लागलं. ज्या धुक्याला मी माझी माया समजत होते, ती राहून गेलेली चूक होती.

आता मी प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे, सातही भिंगं सुटी. काल सपना नावाच्या विद्यार्थिनीनं माझं तिसरं भिंग कागदावर रेखाटलं आणि त्याची कड निराळी वळवली.

"मॅडम, इथं असं केलं तं?"

"करून पाहाय," दीपमाला म्हणाली.

दीपमाला, सपनाचं करून पाहणं होईपर्यंत मला जोडायची घाई करू नकोस.