वीतभर सिलिकॉन

खालच्या मजल्यावरची आभा चौथ्यांदा वर आली. "काकू, आमच्या छतातून अजून ठिबकतंय. तुमच्या शॉवरच्या काचेखालचं सिलिकॉन गेलंय. तेवढं काढून नवीन भरून घ्या ना."

गेलंय ते मला दिसत नव्हतं का? काळं पडलं होतं, कडा सुटल्या होत्या. पण ते आमच्या ह्यांनी स्वतः भरलेलं, आणि भरलं त्याच रात्री हे गेले. दोन वर्षं झाली.

ओल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, दोन दिवसांत जातो. आमच्याकडचा गेलाच नाही. अंघोळीला दार लावलं की येतो. मी कुणाला बोलले नाही. म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणायला लोक टपलेलेच असतात. दीपक, माझा मुलगा, मनमाडला रेल्वेत आहे. घरी आला की अंघोळीला गंगेवर जातो, थेट रामकुंडावर. वय वाढलं तसा भाविक झाला, असं मी आपली समजत होते.

हे ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं सांधे बुजवायचं काम करत. नियम एकच: भरलेलं सारखं करायला एकदा बोट टेकवलं की दुसऱ्या टोकालाच उचलायचं. मधे थांबलं की तिथूनच गळतं. सिलिकॉन भरलं त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी चहासाठी दोन हाका मारल्या. ओ नाही. जाऊन बघते तर शेवटची कड वाकडी. "तीस वर्षं विमानं बुजवली आणि घरात ही तऱ्हा! अहो, हात आहे का लाकूड?" हे हसले, तेही अर्धवट. डाव्या हातानं कप उचलला आणि चहा शर्टावर सांडला. उजवा हात सिलिकॉननं भरलाय म्हणून असेल, असं मला वाटलं. तरी त्यावरूनही बोललेच.

संध्याकाळी सहाला हे खुर्चीतून कलंडले. अर्धांगाचा झटका. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कधी सुरू झालं?"

"आत्ताच, सहाला," मी म्हटलं.

आभासाठी शेवटी प्लंबर समाधानला मी बजावलं, जुनं मी काढीन, तू फक्त नवीन भरायला ये. पाट घेऊन काचेशी बसले. सिलिकॉनच्या पट्टीच्या दोन्ही कडांनी पातं फिरवलं की ती खपलीसारखी सुटून येते. ओढता ओढता अंगठा फिरवत होते. पट्टीच्या मधोमध केसाएवढी रेघ लागत होती. ह्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला लहानपणी द्राक्षाच्या छाटणीची कात्री लागली होती, त्या व्रणाचा तो ठसा. ह्यांचंच बोट हातात धरल्यासारखं वाटलं आणि मी रडले.

शेवटची वीत राहिली. तिच्यावर रेघ नव्हती.

पुन्हा अंगठा फिरवला. रेघ नाहीच, आणि उतारही उलट्या बाजूला. ती वीत डाव्या हाताची होती. उजवा हात मधेच गेला होता, आणि ह्यांनी हात बदलून काम पुरं केलं होतं. मी दारात उभी राहून त्यालाच नावं ठेवली होती.

वास एवढा वाढला की डोळे चुरचुरायला लागले. मी दीपकला फोन लावला.

"दीपक, डॉक्टरांना मी सहा सांगितले ना, ते चुकलं रे. साडेदहाच होते. बाबांचा हात सकाळीच गेला होता. वेळेत नेलं असतं तर वाचले असते. मी समोर होते, आणि वर टोमणे मारत होते."

त्याच्या मागे गाडीची घोषणा चालली होती.

"आई, मी त्या दिवशी अकराला फोन केला होता. बाबांची जीभ जड लागत होती. मला वाटलं, तंबाखू धरलीय तोंडात. 'आधी थुंका, मग बोला,' म्हणून मी फोन आपटला."

"मग दवाखान्यात बोलला का नाहीस?"

"तू सहा म्हणालीस. मला सुटल्यासारखं वाटलं."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी कुठल्या तोंडानं रागावणार?

"आई," तो म्हणाला, "बाथरूममध्ये तो आंबूस वास अजून येतो का गं?"

वासाचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

"येतो," मी म्हटलं.