दगडाखालचं पान

झरीच्या पाड्यावरून रस्त्याला आलं की करंजाचं एक झाड लागतं. त्यापासून दहा पावलांवर, उघड्यावर, सिमेंटचा बाक आहे. एसटीचा थांबा म्हणजे एवढंच. वेळापत्रक नाही, आणि गाडी गेली की यायची आहे हे विचारायला बऱ्याचदा माणूसही नसतो. म्हणून पाड्यावरच्या म्हाताऱ्या लहान्याने फार वर्षांपूर्वी एक युक्ती काढली. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांपैकी कुणीतरी करंजाचं पान तोडून बाकावर दगडाखाली ठेवायचं. पान टवटवीत, तर गाडी नुकतीच गेली. मलूल, तर तास-दोन तास झाले. कडा वाळून वळलेल्या, तर ती आधीची फेरी. अख्खा पाडा हे पान बघून प्रवास करायचा, आणि लहान्या ते कुणाला विसरू द्यायचा नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो नातीला सोडायला आला. अकरा वाजता डहाणूच्या कॉलेजात जानीची बारावीची रसायनाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. चुकली तर वर्ष वाया. तलासरीहून येणारी गाडी आठला इथे यायची, आणि पुढची थेट बाराला.

दगडाखाली हिरवंगार पान होतं.

"गेली," लहान्या म्हणाला. "आज लवकर आली मेली. चल, रानातून हायवे गाठू. दीड तासात पोचू."

"आजा, थांब. पावणेआठच झालेत."

"पान खोटं बोलत नाय."

जानीने मोबाइल काढून स्टँडच्या चौकशीला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "तलासरीवरून वेळेवर सुटली, बाळा. मध्ये कुठे आहे ते मला इथून नाही दिसत."

"बघ," लहान्या म्हणाला, "त्यांना सुटलेलं कळतं, आपल्याला गेलेलं कळतं. चल लवकर."

तो चार पावलं गेलासुद्धा. रानात शिरल्यावर मागे गाडी आली तर ती कुणाला दिसणार नव्हती, आणि गाडी गेलीच असेल तर इथे थांबून हायवेही हातचा जाणार होता. जानी मात्र बाकाशी वाकली होती. तिने पानावरून बोट फिरवलं आणि ते आज्यासमोर धरलं. बोट ओलं होतं.

"दव आहे, आजा. रात्रभर इथे पडल्याशिवाय एवढं दव साठत नाही." तिने दगडासकट पान उचललं. "आणि बाकी बाक ओला, पानाखाली कोरडा."

"मग सुकलं कसं नाय?"

जानीने पान त्याच्या तळहातावर ठेवलं. जाड, चामड्यासारखं. लहान्याने ते उलटंपालटं केलं आणि त्याचा चेहरा पडला. चिकूचं पान. तोडलं तरी लवकर मान टाकत नाही.

"घोलवडच्या चिकूवाडीला कोण जातं, ठाऊक हाय मला," तो पुटपुटला. "काकड्या. रातच्या गाडीनं उतरला, अंधारात करंजापर्यंत जायचा कंटाळा. टोपलीतलं काढून ठेवलं असंल."

"त्याला ओरडू नको."

"ओरडत नाय. कान उपटतो."

मग त्याने रानाच्या वाटेकडे पाहिलं. आपण हिला तिकडे नेलं असतं. जानीने त्याचा हात धरून त्याला बाकावर बसवलं. "तुझ्या पानानेच सांगितलं ना? नुसता रंग बघायचा नाही, एवढंच."

आठला सात मिनिटं होती. लहान्याने ती वळणाकडे बघत काढली. जानी वहीत बघून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. आठ वाजून चार मिनिटांनी लाल गाडी वळणावर दिसली, तेव्हा तो एवढ्या जोरात हात हलवू लागला की कंडक्टर दारातून ओरडला, "दिसलास रे बाबा! हात खांद्यातून निखळेल!"

जानी चढली. खिडकीतून तिने बोट वर करून दाखवलं, मघाचंच.

धूळ बसल्यावर लहान्या करंजाशी गेला, कोवळं नाही, जून नाही, असं बघून पान तोडलं आणि दगडाखाली ठेवलं. तेवढ्यात काकड्या टोपली घेऊन धापा टाकत आला. पानाकडे बघून त्याने टोपली खाली ठेवली.

"गेली वाटतं, आजा."

"हात लाव."

"कशाला? हिरवं दिसतंय की."

"तू लाव रे. सुकं की ओलं?"

काकड्याने बोट फिरवलं. "सुकं."

"म्हणजे आत्ताची गाडी गेली. ओलं असतं तर रातची." लहान्याने सदऱ्याच्या खिशातून चिकूचं पान काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. "आता बारापर्यंत बस इथे. तुला सगळं नीट शिकवतो."